आधी घडी, मग कात्री

मागच्या महिन्यात माजिवड्याच्या आमच्या ऑफिसात मी एका मुलाची मुलाखत घेत होते. मुलगा चुणचुणीत, कडक इस्त्रीचा शर्ट, आणि माझ्या प्रत्येक वाक्यावर "येस मॅम". त्याला मी माझं नेहमीचं कोडं घातलं. अक्षरांची एक लांबलचक माळ आहे आणि शेजारी शब्दांची यादी आहे. माळ अशा ठिकाणी तोडायची, की पडलेला प्रत्येक तुकडा यादीतला एखादा शब्द असेल आणि शेवटी एकही अक्षर उरणार नाही. असं जमतं की नाही, हे सांगणारा प्रोग्रॅम लिही.

"कागद देऊ का?" मी विचारलं.

"कागद कशाला मॅम? डायरेक्ट करतो ना."

त्याने डायरेक्ट केलं. दर वेळी बसेल तो सगळ्यांत मोठा शब्द उचलायचा आणि पुढे सरकायचं, असा त्याचा खाक्या. सुरुवातीची उदाहरणं फटाफट सुटली. मग एका उदाहरणात शेवटी एक अक्षर हातात राहिलं आणि त्याने पुन्हा तोच मोठा शब्द उचलून बघितला. "आता ह्या एकट्याला घेऊन कुठे जाणार? गळ्यात बांधून फिरणार?" हे वाक्य माझ्या अगदी ओठांवर आलं होतं, ते मी गिळलं. ते माझं नाहीच, भोईर सरांचं आहे. सर जाऊन आता काही वर्षं झाली, पण त्यांची वाक्यं माझ्या तोंडात अजून बिऱ्हाड करून आहेत.

डोंबिवली पूर्वेला, मानपाडा रोडच्या आतल्या एका गल्लीत सरांचं घर होतं. चहूबाजूंनी उंच इमारती आणि मध्ये हे बसकं, कौलारू घर, त्यावर मागाहून चढवलेली पत्र्याच्या छपराची एक लांब खोली. त्या खोलीत क्लास. समोर मोठं अंगण, अंगणाला लागून ओटी. आजूबाजूची सगळी जागा एकेकाळी त्यांच्या गावाची भातशेती. "आम्ही डोंबिवलीत राहायला आलो नाही, डोंबिवली आमच्या शेतात राहायला आली," असं सर म्हणायचे. त्यात तक्रार नसायची. पाहुण्याची ओळख करून द्यावी तसं ते सांगायचे.

सर गणित शिकलेले. एमआयडीसीतल्या एका कंपनीत कंप्युटरवर काम करायचे. कंपनी बंद पडली तेव्हा तिथलेच मोडीत काढलेले कंप्युटर घरी आणून त्यांनी क्लास काढला. बारावीच्या सुट्टीत "घरात लोळण्यापेक्षा काहीतरी शीक" म्हणून आईने मला तिथे पिटाळलं. कंप्युटर शिकायला मी मोठ्या ऐटीत गेले, आणि पहिला आठवडाभर सरांनी एकही कंप्युटर चालू करू दिला नाही.

त्याऐवजी त्यांनी आम्हाला कागदाच्या पट्ट्या दिल्या. आगरी गावात लग्नपत्रिकांना तोटा नाही. हंगामात सरांच्या घरी पत्रिकांची चळत लागायची, एकीपेक्षा एक जाड आणि सोनेरी. लग्नं उरकली की सर त्यांच्या पाठकोऱ्या बाजूच्या लांब पट्ट्या कापत आणि त्यांवर स्केचपेनने सुटी सुटी अक्षरं लिहीत. पहिली पट्टी मला अजून आठवते: क, र, व, त, न. फळ्यावर शब्दांची यादी: कर, करवत, वतन.

"काप," सर म्हणाले.

कात्री त्यांच्या टेबलामागे खिळ्याला टांगलेली असे. मी उठले, कात्री घेतली आणि करवत कापून मोकळी झाले. एवढा मोठा शब्द समोर दिसत असताना कोण सोडेल? हातात उरला न. सरांनी तो चिमटीत धरून सगळ्या वर्गाला दाखवला.

"आता ह्या एकट्याला घेऊन कुठे जाणार? गळ्यात बांधून फिरणार?"

वर्ग हसला. मी लाल झाले. सरांनी मला तसलीच नवी पट्टी दिली, पण ह्या वेळी कात्री आपल्या हातात ठेवली. "घडी घाल. जिथे तोडावंसं वाटतं तिथे नुसती घडी घाल. नाही जमलं तर उलगडता येते. मग दुसरीकडे घाल. शेवटपर्यंत सगळं बसलं, काही उरलं नाही, की मग ये कात्री मागायला."

मी करवर घडी घातली. पुढे वतन. काही उरलं नाही.

आधी घडी, मग कात्री. सरांचं सगळं शिकवणं एवढ्यात यायचं. पुढे इंजिनियरिंगला मोठमोठ्या नावांनी हेच शिकवलं, तेव्हा मला ती नावं पाठ करावी लागली, गोष्ट मात्र आधीच हाताला ठाऊक होती.

ह्याचं दुसरं अंग म्हणजे मागे जाणं. सरांना मागे जायची लाज म्हणून नव्हती. फळ्यावर एखादं उदाहरण सोडवताना वाट चुकली, की ते चुकलं त्या जागेपर्यंत परत जायचे आणि त्यापुढचं सगळं तळहाताने पुसून टाकायचे. त्यात बरोबर आलेलं काही असलं तरी. "सर, ते राहू दे ना, तेवढं तर जमलंय," आम्ही कळवळायचो. "मागे जायचं तर पुढचं पुसायचं. थोडं ठेवू, थोडं पुसू, असं चालत नाही बाळांनो." त्यांचा उजवा तळहात कायम पांढरा असे, आणि तोच ते सवयीने पँटला पुसत. त्यामुळे सरांच्या सगळ्या पँटना उजवीकडे खडूचा एक खिसा जास्तीचा असल्यासारखा वाटे.

स्कूटरवरही तेच. एकदा मला क्लासमधून घरी सोडताना गप्पांच्या नादात वळण चुकलं. पुढून कुठूनही वळता आलं असतं, पण सरांनी स्कूटर फिरवली आणि चुकलेल्या वळणाशी परत जाऊन तिथूनच वळले. मागचा रिक्षावाला जे काही बोलला ते इथे लिहिण्यासारखं नाही. सर त्याला म्हणाले, "दादा, बरोबर आहे तुमचं." आणि शांतपणे माझ्या घराकडे निघाले.

क्लास सुटताना त्यांचा एक ठरलेला प्रश्न असायचा. दारात उभं राहून विचारायचे, "काही उरलं का?" म्हणजे कुणाला काही विचारायचं राहिलं का, कुणाचं कोडं अडलंय का. आम्ही चपला घालता घालता एका सुरात ओरडायचो, "नाही सर!" कुणाचं उरलं असेल तर बाकीच्यांना सोडून सर त्याच्यापाशी बसत. त्याचं सुटेपर्यंत ते स्वतः जेवत नसत.

आणि जेवणाची वेळ कळायला घड्याळ लागत नसे. खालून आयची हाक यायची, "बाला, जेवाला ये! कालवन थंड होतंय."

आय म्हणजे सरांची आई. नऊवारी लुगडं, हातात हिरव्या बांगड्या, आणि आवाज असा की वरच्या पत्र्याला कंप सुटावा. ती दिवसभर ओटीवर बसायची. मासे साफ करणं, तांदूळ पाखडणं, येणाऱ्याजाणाऱ्याची चौकशी, सगळं ओटीवरून. आमच्या क्लासबद्दल तिचं मत फारसं बरं नव्हतं. "पैसं घेऊन पोरांना कागदं कापाला शिकवतंय," असं ती शेजारणीला सांगायची, आम्हाला ऐकू जाईल अशा बेताने. पण संध्याकाळी वर येऊन जमिनीवर पडलेले कपटे तीच गोळा करी. चुकून उरलेली सगळी अक्षरं आयच्या बंबात जात. "आज लई उरलं रं," म्हणाली, तर आमचा वर्ग ढ निघाला असं समजायचं.

सर पत्र्याखाली घामाघूम होऊन आम्हाला शिकवत आणि खालून तळलेल्या बोंबलांचा वास येई. त्या वासात मी प्रोग्रॅमिंग शिकले. आता आमच्या एसी ऑफिसात बसून एखादा अवघड प्रोग्रॅम लिहिताना मला मध्येच भूक लागते, त्याचं कारण हेच असावं.

सरांना एक धाकटा भाऊ, जयेश. त्याचा विटा-रेतीचा धंदा. दोघांची बिऱ्हाडं त्याच घरात, सर एका अंगाला, जयेशदादा दुसऱ्या अंगाला, आणि ओटी मधोमध, दोघांची. मी क्लासला जाऊ लागले त्याच्या पुढच्या वर्षी, कॉलेज सांभाळून सरांना शिकवायला मदत करायचे तेव्हा, जागेच्या वाटणीचा विषय निघाला. भांडण नव्हतं. जयेशदादाला धंद्यासाठी रस्त्याकडची मोकळी बाजू हवी होती, त्यावर तो आपलं घर बांधणार होता. सरांना क्लाससकट जुन्या घराचं आपलं अंग पुरेसं होतं. मोजणीवाला आला, अंगणात फिती लागल्या, चहा झाला. सर उड्या मारत वर आले. "बघता काय! पोरं वर्षानुवर्षं कोर्टात जातात. आमचं एका चहात झालं. ज्याचा तुकडा त्याला, काही उरलं नाही."

गवंडी अंगणातून भिंत घालू लागला. ती ओटीला मधोमध कापत गेली. शेवटचा थर लागत असताना आय भिंतीशी येऊन उभी राहिली आणि तिने विचारलं, "आनि माझी बाजू कंची रं?"

सगळे हसले. गवंडीही हसला. सर वरून, क्लासच्या खिडकीतून म्हणाले, "दोन्ही तुझ्याच, आये." आम्हाला ते उत्तर फार आवडलं.

दोन्ही तिच्या म्हणजे काय, ते पुढे कळलं. आय एक महिना ह्या मुलाकडे, एक महिना त्या मुलाकडे राहायला लागली. हाकलली कुणी नाही, उलट दोघेही तिला आपल्याकडेच ठेवायला बघत. पण भिंतीत दार ठेवायचं कुणालाच सुचलं नव्हतं. महिना संपला की आय लुगड्यांचं गाठोडं काखेला मारून फाटकातून बाहेर रस्त्यावर यायची आणि वळसा घालून दुसऱ्या फाटकातून आत जायची. ओटीचा अर्धा तुकडा इकडे, अर्धा तिकडे. कुठल्याच तुकड्यावर सूप घेऊन पाय पसरून बसता येत नव्हतं. हळूहळू तिने बसणंच सोडलं. बंबात घालायला कपटे गोळा करायलाही ती वर येईना.

एक दुपार मी विसरू शकत नाही. सर फळ्यावर शिकवत होते आणि खालून हाक आली, "बाला, जेवाला ये!" सरांनी सवयीने खडू ठेवला, हात पँटला पुसले आणि जिन्याच्या दोन पायऱ्या उतरले. मग थांबले. आयचा तो महिना पलीकडचा होता. हाक भिंतीपलीकडून होती आणि ती जयेशदादासाठी होती. दोन्ही मुलगे तिचे बालाच.

सर जिन्यातच उभे राहिले. मग ते वर आले, खडू उचलला, पण लिहिलं काहीच नाही. आमच्याकडे पाठ करूनच म्हणाले, "मी मोठा शब्द आधी उचलला रे. आणि कात्री लावून बसलो."

त्या दिवशी त्यांनी "काही उरलं का?" असं विचारलं नाही. आम्ही आपापल्या चपला घालून गुपचूप निघालो. रस्त्यावर येईपर्यंत माझ्या डोळ्यांना धार लागली होती.

पुढचं मला जयेशदादाने नंतर सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सर वळसा घालून त्याच्याकडे गेले. हातात जागेचा नकाशा, मधोमध घडी घातलेला. तो त्याच्यापुढे उलगडून म्हणाले, "जयेश, कागद अजून अख्खा आहे. परत बसू."

"दादा, भिंत उभी राहिली. आता काय परत बसायचं?"

"विटांचीच आहे ना? लागते तशी निघते. विटा तू विकतोस, तुला मी काय सांगू?"

जयेशदादा वैतागला. दरम्यान त्याचा बेत बदलला होता. घर बांधण्याऐवजी आपली बाजू एका बिल्डरला द्यायची, असं त्याने ठरवलं होतं आणि तसा शब्दही दिला होता. "मी शब्द देऊन बसलोय दादा. माझा तुकडा गेला. तुला मागे यायचं तर ये, मला नाय येता येणार."

सरांनी नकाशाची घडी तळहाताने सपाट केली. मग म्हणाले, "मग माझाही तुकडा त्यालाच दे. जागा परत एक होऊ दे. माझं मागणं एकच. नव्या बिल्डिंगमध्ये आपली दोन दारं समोरासमोर पाहिजेत, आणि मधल्या जागेत आय बसेल."

"आनि क्लास?" जयेशदादाने विचारलं.

सरांनी तळहात पँटला पुसला. "मागे जायचं तर पुढचं पुसायचं," ते म्हणाले.

जयेशदादा सांगत होता, "मी बोललो पन दादाला, वरची रूम तुझा जीव हाय. तर मला बोलतो, जीव खाली ओटीवर बसायचा, तो उठलाय तिथून."

आणि सरांनी क्लास खरंच पुसला. कंप्युटर एका शाळेला देऊन टाकले. फळा मागायला आम्ही सगळे टपलो होतो, तो कुणालाच मिळाला नाही, क्लासच्या भिंतीबरोबरच गेला. शेवटच्या दिवशी सरांनी प्रत्येकाला एक कोरी पट्टी दिली. कात्री मात्र स्वतःकडे ठेवली. मी रडत होते, तर मला म्हणाले, "अगं, पट्टी भिजेल." भिंत पडली, घर पडलं, आणि नवी बिल्डिंग होईपर्यंत दोघा भावांनी कल्याणला एकाच मजल्यावर समोरासमोरच्या दोन जागा भाड्याने घेतल्या. तेवढ्यापुरतंही वेगळं राहायचं नाही, हा सरांचा हट्ट.

मी तिथे एकदाच गेले. मला ठाण्यात नोकरी लागली होती, नौपाड्यात खोली घेतली होती, आणि पेढे द्यायचे होते. जिना चढून वर गेले तर दोन्ही दारं सताड उघडी. मधल्या चिंचोळ्या जागेत सतरंजी घालून, पाय पसरून आय बसली होती, मांडीवर सूप. लिफ्टमधून कुणी आलं की पाय आखडायची आणि लगेच त्याची चौकशी करायची. वरच्या मजल्यावरच्या सिंधी बाईंना ती तांदूळ कसा पाखडायचा ते दाखवत होती, आणि दोघींची भाषा एक नसूनही काही अडत नव्हतं.

मला बघून म्हणाली, "ही आली बघ, कागदं कापनारी."

सर बाहेर आले. केस पांढरे झाले होते, पँटचा तो खडूचा खिसा स्वच्छ धुतला गेला होता. तो धुतलेला बघून मला कसंतरीच झालं. पेढा त्यांनी आधी आयच्या तोंडात घातला. मग आतून जयेशदादा आला आणि त्याने मला तो नकाशाचा सगळा किस्सा सांगितला, सर "पुरे रे" म्हणत असताना.

"सर, नव्या बिल्डिंगमध्ये क्लास सुरू करणार ना?" मी विचारलं.

"बघू. आधी बिल्डिंग तर वर चढू दे," ते म्हणाले.

एवढ्यात आयने सूप बाजूला ठेवलं आणि हाक मारली, "बाला, जेवाला ये!" खरं तर दोघे तिच्यापासून हातभर अंतरावर उभे होते. तरी दोघेही "आलो आये" म्हणाले आणि सतरंजीवर तिच्या दोन बाजूंना बसले. तांदळाच्या भाकऱ्या एका दारातून आल्या आणि कालवण दुसऱ्या. मलाही बसवलं. बोंबलांचा तोच वास. मी पोटभर जेवले आणि निघाले.

दोन जिने उतरले असेन. वरून सरांचा आवाज आला. कठड्यावरून वाकून, जेवता जेवता उठून आले होते, उजवा हात उष्टा.

"काही उरलं का गं?"

सवयीने मी खालूनच ओरडले, "नाही सर!" ते हसले, मान हलवली आणि आयच्या पंक्तीला परत गेले.

नवी बिल्डिंग उभी राहायच्या आतच सर गेले, झोपेत, कुणाला काही कळायच्या आत. आय अजून आहे. मानपाडा रोडच्या नव्या बिल्डिंगमध्ये समोरासमोरच्या दोन दारांमध्ये बसते असं जयेशदादा फोनवर सांगतो. तिकडे जायला माझं पाऊल अजून उचललेलं नाही.

त्या मुलाखतीच्या मुलाला मी शेवटी माझ्या टेबलातला कागद फाडून एक पट्टी दिली. त्याने घडी घातली, उलगडली, परत घातली, आणि जमल्यावर लहान मुलासारखा हसला. त्याला निरोप देताना मी दाराशी उभी राहिले आणि माझ्याही नकळत विचारून बसले, "काही उरलं का?"

"नाही मॅम," तो म्हणाला आणि भराभर जिना उतरून गेला.

माझं उरलंय, सर. खूप उरलंय.